मी बिघडवलेली भिंत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात गच्चीवर झालेलं हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीनं मला विषय दिला होता ‘इमारतीची निगा’. म्हणाले, काका, तुम्ही जन्मभर बांधकामात होता, दोन शब्द सांगा. आता बांधकामात जन्म काढलेला माणूस काय सांगणार? मी असं बांधलं, तसं बांधलं. पण पंचवीस वर्षांत माझं ते सगळं तुम्ही गच्चीवर कोजागिरीला ऐकलेलं आहे. म्हणून आज मी बांधलेल्या कामाबद्दल बोलणार नाही. मी बिघडवलेल्या एका भिंतीबद्दल बोलणार आहे.

तुम्हाला वाटेल, जुन्या वाड्याच्या भिंतीचा आपल्या सोसायटीशी काय संबंध? आहे. आपल्यापैकी निम्म्या लोकांचं एक घर इथं आहे आणि दुसरं, वाट्याचं का होईना, गावठाणात किंवा खेड्यावर आहे. तिथली एखादी भिंत आत्ता या क्षणी ओली आहे, पोपडे पडताहेत, आणि दिवाळीत घरी गेलं की कुणीतरी म्हणतं, “एकदाचं सिमेंट मारून टाकू.” ते ‘एकदाचं’ म्हणणारा माणूस मी होतो. म्हणून बोलतो.

आमचा वाडा जुन्या गावात. दगडी जोतं, त्यावर दोन फूट जाडीच्या भिंती, बाहेरून भाजकी वीट, आत पांढरी माती, सागवानी खांब-तुळया आणि सगळ्यावर चुन्याचा गिलावा. माजघराची एक भिंत खालच्या बाजूला ओलसर असायची. गुडघ्याइतक्या उंचीवर गिलावा भुसभुशीत झालेला, पांढरी बुरशी आल्यासारखा लोणा फुटलेला. दरवर्षी दिवाळीच्या आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, तेवढा भाग झाडून घ्यायचे, मिस्त्रीबाबांकडून हातभर चुना लिंपून घ्यायचे आणि वरून सफेदी. असं वर्षानुवर्षं चाललेलं.

१९९१ साली मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. डिप्लोमा झालेला, खिशात टेप आणि डोक्यात पुस्तक. मी अण्णांना म्हणालो, दरवर्षी काय हे लिंपत बसता? मी कायमचं करून देतो. जुना गिलावा चार फुटांपर्यंत खरवडला, विटांवर टाचे मारले आणि एकास चार सिमेंटचा गिलावा केला. त्यात वॉटरप्रूफिंगची पावडरसुद्धा घातली. वरून ऑइल पेंटचा पट्टा. खाली शेणानं सारवायची जमीन होती, ती काढून कोबा केला आणि फरशी बसवली. भिंत अशी चकचकीत झाली की गल्लीतली माणसं बघून गेली.

मिस्त्रीबाबा पण आले. तेव्हा ते सत्तरीचे असतील. भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “भाऊ, भितीला रेनकोट घातला तुम्ही. आतला घाम कुठून जायाचा?”

मी हसलो. दोन वर्षं भिंत बरी राहिली. १९९४ च्या पावसाळ्यानंतर सिमेंटच्या पट्ट्याच्या वर, म्हणजे साडेचार-पाच फुटांवर, जिथं आजवर कधीच ओल नव्हती तिथं लोणा फुटला. आणखी दोन वर्षांत सहा फुटांवर गेला. सिमेंट जागचं हललं नव्हतं, पण त्याच्यावर वाजवलं की आतून बद्द आवाज यायचा. आतली वीट पिठासारखी होत चालली होती आणि तिच्यावर एक दणकट कवच उभं होतं.

अण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांची खाट त्या भिंतीला लागून होती. लोणा अंथरुणावर पडू नये म्हणून ते खाटेच्या मागे भिंतीला वर्तमानपत्र लावायचे. ते ओलं झालं की नवीन लावायचे. २००९ साली अण्णा गेले, तोपर्यंत हे चाललं. मी गावात दर शनिवारी जायचो, त्या वर्तमानपत्राकडे बघायचो आणि विषय बदलायचो.

आता ही झाली माझी कबुली. असं का झालं, ते समजून घेऊ. त्यासाठी चुना म्हणजे काय ते बघावं लागेल. पानाला लावतात तोच. कारखान्यात उसाचा रस निवळण्यासाठी वापरतात तोही चुनाच.

आपल्या प्रवरेच्या खोऱ्यात जमीन खणली की चुनखडीचे पांढरे खडे लागतात. शेतकरी त्याला वैतागतात, कारण अशा जमिनीत पिकं पिवळी पडतात. पण दख्खनमध्ये हेच खडे गोळा करून भट्टीत भाजायचे आणि चुना करायचे. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग पाडले आहेत, त्यात या खड्यांच्या चुन्याला स्वतंत्र वर्ग दिलेला आहे. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडी घेतली तर छप्पन्न किलो उरतो, बाकी चव्वेचाळीस किलो हवेत. जो उरतो तो कळीचा चुना. पाण्यात टाकला की खदखदतो, वाफा येतात. हे झालं चुना विरवणं. विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळायचा. घाणी म्हणजे गोल चर, त्यात दगडी चाक, आणि ते ओढणारा बैल. असा मळलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे दगडाचा चुना आणि चुन्याचा परत दगड. फक्त मधल्या वेळेत आपण त्याला आपल्याला हवा तो आकार देऊन घेतो.

आणि ही विद्या आपल्या गावाला नवीन नाही. शाहीर अनंत फंदी आपल्या संगमनेरचे. ते १८१९ साली गेले. सिमेंटचं, म्हणजे पोर्टलँड सिमेंटचं, पेटंट इंग्लंडमध्ये निघालं १८२४ साली. आपल्या देशात पोरबंदरला सिमेंट बनायला लागलं १९१४ साली. म्हणजे फंदी ज्या ज्या घरात बसले असतील, ज्या ओसरीवर त्यांचा डफ वाजला असेल, ती सगळी घरं दगड, माती, लाकूड आणि चुना यांचीच. मातीचं लिंपण तर आणखी जुनं. आपल्या तालुक्यातल्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि त्या गावावरून एका संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ नाव पडलं. तीन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं कुडाच्या भिंतींना मातीनं लिंपत होती.

छत्रपती संभाजीनगरला शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बीबी का मकबरा पाहिला असेल. आपण म्हणतो, संगमरवराचा आहे. पण भिंतींना संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आहे, घुमट संगमरवरी आहे, मधलं बरंचसं पांढरं काम म्हणजे चुन्याचा घोटलेला गिलावा आहे. साडेतीनशे वर्षं झाली त्याला.

मग सिमेंट वाईट का? अजिबात नाही. आपण सिमेंटच्याच इमारतीच्या गच्चीवर बसलोय. प्रश्न जोडीचा आहे. जुन्या भिंतीला जमिनीत ओलावारोधक थर नसतो. पाया जमिनीतलं पाणी थोडं थोडं वर ओढतोच, कंदिलाची वात तेल ओढते तसं. जुन्या बांधणीत ते पाणी चुन्याच्या गिलाव्यातून आणि सारवलेल्या जमिनीतून उडून जायचं. ओढणं आणि उडणं यांचा मेळ गुडघ्याच्या उंचीवर बसलेला होता. मी काय केलं? जमिनीवर फरशी घालून खालची वाट बंद केली. भिंतीवर सिमेंट मारून बाजूची वाट बंद केली. पाणी म्हणालं, ठीक आहे, मी वर जातो.

पाण्याबरोबर क्षार असतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे खडे फुगून विटेचे कण सुटे करतात. हाच लोणा. चुन्याचा गिलावा असेल तर हा मार गिलावा खातो. पाच-दहा वर्षांनी तेवढा काढून नवा लावायचा. सिमेंटचा गिलावा विटेपेक्षा कडक, त्यामुळे मार वीट खाते. अण्णा दरवर्षी हातभर चुना लिंपायचे ती माझ्या मते कटकट होती. खरं म्हणजे गिलावा विटेसाठी झिजत होता आणि अण्णा झिजलेला भरत होते. एक सूत्र लक्षात ठेवा: दुरुस्तीचा माल मूळ भिंतीपेक्षा मऊ हवा. झिजायचंच असेल तर नवीन झिजू दे, जुनं नको.

मी निवृत्त झालो तेव्हा दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, म्हणाला, आता वाडा पाडून टाकू. त्याचं चूक नव्हतं. आई त्याच खोलीत झोपायची, तिला दमा. दादा म्हणाला, वारसा-बिरसा मला सांगू नकोस, आईच्या उशीवर माती पडते. वहिनींनी मध्यम मार्ग काढला. म्हणाल्या, भाऊजी, ती एक भिंत नीट करून दाखवा. झाली तर पुढचं बोलू, नाही झाली तर सही करा. मी म्हटलं, चालेल. तोपर्यंत मिस्त्रीबाबा हयात नव्हते. त्यांच्या हाताखाली लहानपणी गारा कालवलेला त्यांचा मुलगा साठीला आलेला. त्याला घेऊन आलो.

पहिले चार महिने आम्ही थापीला हात लावला नाही. फक्त पाणी शोधलं. हे सगळ्यांनी ऐका, कारण यातच निम्मं काम आहे. ओली भिंत दिसली की आपण माल शोधायला लागतो. आधी पाणी शोधायचं. आमच्याकडे तीन ठिकाणं निघाली. एक, पन्हळ मधोमध फुटलेली आणि तिचं पाणी भिंतीच्या डोक्यावर. दोन, भिंतीपलीकडे न्हाणी, तिच्या मोरीचा सांधा गेलेला. आणि तीन, जे गावठाणात घरोघर आहे: गल्लीतला रस्ता. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवीन थर पडतो, जुना कुणी खरवडत नाही. माझ्या लहानपणी आमच्या जोत्याला तीन पायऱ्या होत्या. आता एकच उरली. रस्ता वर आला, जोतं खाली गेलं आणि पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी उभं राहायला लागलं. रस्ता काही आपल्याला खाली नेता येत नाही. मग भिंतीलगत आमच्या हद्दीत दीड फूट रुंदीचा चर खणला, त्यात खडी भरली आणि पाण्याला उतार देऊन गटारापर्यंत नेलं. मोरी नवीन केली, पन्हळ बदलली. आत भिंतीलगतची एक रांग फरशी काढून टाकली.

मग सिमेंट उतरवलं. इथं घाई करू नका. ड्रिल, ब्रेकर काही नाही. छोटी छिन्नी, हलका हातोडा, आणि कडेनं हळूहळू. जिथं सिमेंट विटेला घट्ट धरून आहे आणि ओढलं तर वीट निघेल, तिथं राहू द्यावं. सिमेंट पडलं आणि आतली वीट दिसली तेव्हा मी दहा मिनिटं अंगणात जाऊन बसलो होतो. बोटानं उकरली तरी माती होत होती. सव्वाशे वर्षांत जे झालं नव्हतं ते मी पंचवीस वर्षांत करून ठेवलं होतं.

वरचा जुना चुन्याचा गिलावा मात्र आम्ही सरसकट काढला नाही. मुठीनं वाजवून बघत गेलो. ठणठणीत आवाज आला तो ठेवला. बद्द आवाज आला त्याच्याभोवती खडूनं रेघ मारली, तेवढाच काढला. दोनशे चौरस फुटांत जेमतेम साठ फूट निघाला. ठेकेदार सांगतो ‘सगळं काढून नवीन करू’, कारण त्याला ते सोपं पडतं.

लोण्याची भिंत पाण्यानं धुवू नका. धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या कुंच्यानं झाडायचं, खाली कागद पसरायचा आणि पडलेलं घराबाहेर टाकायचं. आणि मग थांबायचं. जाड भिंत वाळण्याचा ढोबळ हिशोब म्हणजे इंचाला एक महिना. आमची भिंत चोवीस इंचांची. वहिनींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे दोन वर्षं माजघरात उघड्या विटा? मी म्हटलं, दोन्ही अंगांनी वाळतेय, सव्वा वर्ष द्या. दिलं बिचारीनं. त्या पावसाळ्यात भिंतीवर ओल गुडघ्याच्या वर आली नाही, तेव्हा दादा पहिल्यांदा त्या भिंतीजवळ खुर्ची टाकून बसला.

आता माल. कळीचा चुना मिळाला तर उत्तम, पण तो मोठ्या माणसानं, डोळ्यांना गॉगल आणि हातात रबरी मोजे घालूनच विरवायचा. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुना थोडा थोडा सोडायचा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतो. लहान मुलं आणि गुरं जवळ नकोत. डोळ्यांत उडाला तर लगेच भरपूर पाण्यानं धूत राहायचं आणि तडक डॉक्टरकडे. विरलेला चुना गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून झाकून ठेवायचा. आम्ही तीन महिने ठेवला. खव्यासारखा झाला. दुकानातली पावडर चालते, पण पोतं ताजं आणि बंद हवं. उघडं पडलेलं पोतं हवेतच दगड होऊन बसलेलं असतं, ते मेलेलं.

प्रमाण: एक भाग चुन्याचा लगदा, तीन भाग धुतलेली, चाळलेली वाळू. ओलीच्या खालच्या पट्ट्यात आम्ही वाळूचा एक भाग कमी करून सुरखी घातली. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटेची भुकटी. ती चुन्याला ओल्या जागीही घट्ट व्हायला मदत करते. खणखणीत भाजलेल्या विटेची भुकटी त्या कामाची नाही. गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद असं बरंच सांगतात. ते खोटं नाही. गुळाच्या पाण्यानं माल लवचीक होतो, वेळ मिळतो. पण गूळ जास्त झाला तर गिलावा कच्चा राहतो आणि मुंग्या येतात त्या वेगळ्या. जादू गुळात नाही, मळण्यात आहे. आम्ही फावड्यानं आणि लाकडी दांड्यानं कुटून-कुटून माल केला. रात्रभर झाकून सकाळी परत कुटला.

आणि इथं माझी दुसरी चूक. उतावीळपणा केला. मार्चअखेर एक तुकडा लावून बघितला. आपल्याकडचं मार्चचं वारं तुम्हाला माहीत आहे. दोन दिवसांत पांढरा झाला, आठव्या दिवशी हात लावला तर पावडर. चुना वाळला होता, पिकला नव्हता. त्याला हवा लागते आणि ओलही लागते. सगळा खरवडून टाकला आणि गुपचूप दिवाळीची वाट बघितली. आपल्या भागात या कामाला कार्तिक ते माघ हाच काळ. ऊन कोवळं, हवा कोरडी पण तापलेली नाही.

दिवाळीनंतर भिंतीवर पाणी मारलं. भिंत प्यायली पाहिजे, ओघळ मात्र नको. पहिला थर बोटाच्या जाडीपेक्षा कमी, खडबडीत. दुसऱ्या दिवसापासून बारीक तडे येतात, घाबरायचं नाही. माल थोडा आवळला की लाकडी रंधा दाबून फिरवायचा, तडे मिटतात. समोर ओलं बारदान टांगायचं, दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी. आठ-दहा दिवसांनी अंगठ्याचं नख रुतेनासं झालं की दुसरा थर. शेवटी नीरूचा पातळ हात आणि घोटाई. रंग म्हणाल तर चुन्याची सफेदीच. पातळ, तीन-चार हात. प्लॅस्टिक पेंट, पुट्टी, ऑइल पेंट काही नाही. नाहीतर काढलेला रेनकोट आपण परत घातला.

ही भिंत पुरी झाली त्याला आता सात वर्षं झाली. खाली वीतभर जागेत दोनदा लोणा आला. येणारच. दोन्ही वेळा तेवढाच गिलावा काढला, अर्ध्या दिवसात लिंपला. मी आता अण्णांसारखंच करतो. फरक एवढाच, की अण्णांना हे पुस्तकाशिवाय कळत होतं.

एक इशारा द्यायलाच हवा. हे सगळं गिलाव्यापुरतं. भिंत पोटातून फुगली असेल, ओळंब्यात नसेल, तुळईचं टोक कुजलं असेल, तडा आरपार असेल, तर थापी बाजूला ठेवा आणि जुन्या बांधकामाची माहिती असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. आणि सगळेच वाडे वाचवता येतील असंही मी म्हणत नाही. वाटण्या, पैसा, राहणारं माणूस, या सगळ्याचा विचार असतो. पण पाडायचा निर्णय ओलीच्या धाकानं घेऊ नका. ओल हा बऱ्याचदा पन्हळ आणि मोरीचा प्रश्न असतो. वाड्याचा नसतो.

आता शेवटचं, आपल्या इमारतीबद्दल. मघाशी सांगितलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला पक्का करतो. तोच वायू आपल्या काँक्रीटमध्ये हळूहळू आत शिरतो. काँक्रीट अल्कधर्मी असतं तोवर आतलं लोखंड सुरक्षित. वायू लोखंडापर्यंत पोचला की ते संरक्षण जातं, मग पाणी मिळालं की लोखंड गंजतं, फुगतं आणि वरचं काँक्रीट ढकलून देतं. बाल्कनीखाली, जिन्याच्या छताला जे पापुद्रे दिसतात ते हेच. तिथं नुसतं प्लास्टर मारून रंग देणं म्हणजे मी १९९१ ला केलं तेच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे. आपण आज पंचवीस पूर्ण केली. गेल्या सर्वसाधारण सभेत या खर्चावर जी चर्चा झाली ती सगळ्यांना आठवत असेल. मी आग्रह करणार नाही. फक्त एवढंच सांगतो की गच्चीच्या त्या कोपऱ्यातली ओल, जिथं आज आपण केटररची टेबलं लावली आहेत, ती चौथ्या मजल्यावर उतरायला तीन वर्षं लागली आणि आपण तीनही वर्षं खाली रंग दिला.

वाड्याचं काय झालं? सही अजून झालेली नाही. दादा म्हणतो, बघू. आई तीन वर्षांपूर्वी गेली, शेवटपर्यंत त्याच खोलीत होती. काम झाल्यावर पहिल्या दिवशी तिनं खाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलेली होती, सवयीनं. आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा ती भिंतीला लावलेली होती. मागे वर्तमानपत्र नव्हतं.

जेवणं थंड होताहेत. सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.